चष्म्याच्या दुकानावरचा फोन

हॅलो. ठेवू नका. पलीकडे कोणी नाही, मीच बोलतोय. माझ्यातून कोणी नाही, मी स्वतः. टेलिफोन.

आयुष्यभर लोक माझ्यातून बोलले, माझ्याशी कोणी बोललं नाही. तक्रार नाही माझी. नळाला कोणी विचारतं का, पाणी गोड आहे का म्हणून? पण एक गोष्ट माझ्यापाशी अशी आहे, की ती सांगायला तारेच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी हजर असावं लागतं. तसा हजर फक्त मीच होतो.

मी काळा, जड, चकती फिरवून नंबर लावायचा. हल्लीच्या मुलांनी मला पाहिलं तर वजनाचं माप समजतील. कारखान्यात शेवटच्या टेबलावर डोक्याला रुमाल बांधलेली एक मुलगी बसायची. ती आम्हाला एकेक करून कानाला लावायची आणि म्हणायची, "ऐकू येतंय?" भिंतीपलीकडून कोणीतरी म्हणायचं, "येतंय." की झालो पास. मला वाटलं, जग असंच असणार. विचारलं की उत्तर येणार.

माझी पहिली नोकरी इस्पितळाच्या चौकशीच्या खिडकीत होती. तिथे हा गैरसमज गेला. लोक फोन करून विचारायचे, "आता कसं आहे?" आणि खिडकीतला माणूस उत्तर देण्याआधी थोडा थांबायचा. त्या थांबण्यातच पलीकडच्याला कळायचं. मी तिथे श्वास ओळखायला शिकलो. माणूस बोलायच्या आधी श्वास घेतो आणि त्या श्वासातच सगळं सांगून मोकळा होतो. पुढचे शब्द नुसते पाहुणचाराचे.

मग इस्पितळात बटणांचे फोन आले आणि आम्हाला अडगळीच्या खोलीत एकावर एक रचून ठेवलं. तिथून मला चष्मेवाल्याने उचललं. तो इस्पितळाला चष्मे पुरवायचा. "हा चालतो का?" असं त्याने विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. त्याने मला पोतडीत घातलं आणि घेऊन गेला.

चष्मेवाल्याचं दुकान रस्त्याला लागून होतं आणि दुकानावर एक खोली होती. पूर्वी तिथे तो डोळे तपासायचा. भिंतीवर अक्षरांचा तक्ता तसाच होता, वर ठळक अक्षरं आणि खाली येता येता मुंगीएवढी झालेली. काचेच्या कपाटात जुन्या फ्रेमा मांडलेल्या होत्या, भिंगं नसलेल्या, सगळ्या खोलीकडे तोंड करून. दिवेलागणीला रस्त्यावरचा उजेड कपाटावर पडला की वाटायचं, डोळे नसलेली बरीच मंडळी आधीच येऊन बसली आहेत. नवीन आलेला माणूस त्या कपाटाकडे पाठ होईल अशीच खुर्ची शोधायचा.

या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी माणसं जमायची. दारूने ज्यांना धरलं होतं आणि ज्यांना तिच्या हातातून सुटायचं होतं, अशी माणसं. एकेकाने आपलं सांगायचं, बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायचं. उपदेश नाही, वर्गणीची सक्ती नाही. आजचा दिवस न पिता काढायचा, उद्याचं उद्या. नावंही लागायची नाहीत. कामावरून नाहीतर नात्यावरून हाक मारायचे.

चष्मेवाला स्वतः त्यातलाच. कित्येक वर्षं सुटलेला, पण अजून स्वतःवर पाळत ठेवणारा. मोडका चष्मा पाहून तो माणूस ओळखायचा. म्हणायचा, ठेच लागून पडणाऱ्याच्या चष्म्याची काडी मोडते; पिऊन पडणाऱ्याचा चष्मा नाकावर मोडतो, कारण तो पडताना हात पुढे करत नाही. असा नाकावर मोडलेला चष्मा दुरुस्तीला आला की तो नीट करून द्यायचा आणि डबीच्या झाकणाला आतून माझा नंबर लिहायचा. तोंडाने काही बोलायचा नाही. ज्याला वाचायचं तो वाचेल.

माझ्याशेजारच्या खुर्चीत ड्रायव्हरकाका बसायचे. जन्मभर बस चालवलेला माणूस, मान जाड, आवाज खाली. कोणी रडायला लागलं तर म्हणायचे, "हळू घ्या, पुढे वळण आहे." माझी घंटा वाजली की तेच मला उचलायचे.

तो पहिला फोन आला तेव्हा बैठक नुकतीच सुरू होत होती. काकांनी हॅलो म्हटलं. पलीकडून काही नाही. पुन्हा हॅलो. नाहीच. अशा फोनला लोक ब्लँक कॉल म्हणतात आणि शिवी घालून ठेवून देतात. काकांनी ठेवला नाही. थोडं ऐकलं आणि रिसीव्हरवर हात ठेवून चष्मेवाल्याला म्हणाले, "कोणीतरी आहे. श्वास येतोय."

मग ते त्या श्वासाशीच बोलले. चष्म्याच्या दुकानावरची खोली, म्हणाले. जिना अरुंद आहे, कठड्याला धरून या. दार ढकललं की उघडतं. कोणी काही विचारणार नाही. पलीकडून उत्तर आलं नाही, पण फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. तेव्हा काकांनी मला गप्प केलं नाही. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, तोंड माणसांकडे करून, आणि म्हणाले, चालू करा.

त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीला तो फोन यायचा. काका दर वेळी तेच सांगायचे, दुकान, जिना, कठडा, दार, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवायचे. बैठक संपता संपता पलीकडून खट्ट आवाज यायचा. बस, तेवढंच.

खोलीतल्या लोकांना नुसती शांतता ऐकू यायची. मला मात्र पलीकडचं घर ऐकू यायचं, आणि ते घर मला आवडत नव्हतं.

तिथे एक नळ ठिबकत होता. बैठकभर ठिबकायचा. कोणी उठून बंद करायचं नाही. एकदा किटलीची शिट्टी सुरू झाली. ती वाजत राहिली, वाजत राहिली, पाणी आटून शिट्टी घोगरी झाली तरी कोणी हललं नाही. एकदा दारावर कोणीतरी जोरजोरात थापा मारल्या, हाका मारल्या आणि निघून गेलं. आणि या सगळ्या वेळात श्वास मात्र तिथेच होता, माझ्या अगदी जवळ, संथ.

नीट ऐकल्यावर कळलं की श्वास एक नव्हता. दोन होते. एक जवळचा, हलका. दुसरा त्याच्याखाली, जड, घशात पाणी अडकल्यासारखा. इस्पितळात असे श्वास मी ऐकले होते. पण तिथे एक श्वास आजाऱ्याचा असतो आणि दुसरा काहीतरी बोलतो. धीर देतो, देवाचं नाव घेतो, निदान खाकरतो. इथे दुसरा कधीच काही बोलला नाही. आणि मधूनमधून माझ्या कानाच्या वाटीवर, म्हणजे पलीकडच्या भावंडाच्या वाटीवर, काहीतरी फिरायचं. बोटं असावीत. आंधळ्याने चेहरा चाचपावा तशी.

हे मी कोणाला सांगणार? मी टेलिफोन. जे येतं ते पोचवायचं.

खोलीत कुरबुर सुरू झाली. ती मास्तरांनी केली. शाळेत शिकवणारा माणूस, इस्त्रीचे कपडे, अजून घरी कोणाला पत्ता लागू न देता येणारा. त्यांचं म्हणणं असं की कोणीतरी चोरून ऐकतंय. उद्या गावभर होईल, नोकरीवर बेतेल. सिस्टर म्हणून एक नर्सबाई यायच्या, त्यांनाही ते पटलं. काका म्हणाले, "चोरून ऐकणाऱ्याला गरज जास्त असते, मास्तर." मास्तर म्हणाले, "आणि ते माझे हेडमास्तर असले तर?" चष्मेवाला म्हणाला, मग त्यांनाही खुर्ची देऊ. हशा पिकला, पण मास्तर हसले नाहीत.

त्या सुमाराला एक गवंडी यायचा बंद झाला होता. चांगला हसरा माणूस. मास्तरांनी त्याला शब्द दिला होता, नाही आलास तर घरी येऊन ओढून नेईन. जाणं झालं नाही. मग एके दिवशी तो पुलाखाली पाण्यात सापडला. कोणी म्हणालं तोल गेला, कोणी काही म्हणालं नाही.

त्यानंतरच्या बैठकीत फोन आला, काकांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा ते उठले. खुर्ची पुढे ओढून माझ्यावर वाकले. त्यांचा चेहरा इतका जवळ आला की त्यांच्या दाताखालची लवंग मला कळली.

"गवंड्या," ते हळूच म्हणाले, "तू आहेस का रे?"

आणि पलीकडून आवाज आला. "हं."

जड श्वासातून, खोल विहिरीतून यावा तसा. खोलीतल्या सगळ्यांनी तो ऐकला. सिस्टरने हातातला कप बशीसकट खाली ठेवला. मास्तर पांढरेफटक पडले, पण मागे सरले नाहीत. तिथेच, माझ्यावर वाकून, त्यांनी सगळं सांगितलं. आपण त्याच्या घरी का गेलो नाही ते. त्या दिवशी आपण स्वतःच कुठे पीत बसलो होतो ते. इतके दिवस ते बैठकीत जे सांगत होते ते दुसऱ्याच कोणाचं असावं, इतकं हे वेगळं होतं.

मग कोणी कुरबुर केली नाही. उलट, लोक माझ्याकडे तोंड करून बोलायला लागले. कोणी उघड विचारलं नाही, पण ज्याच्या त्याच्या मनात पलीकडे ज्याचं त्याचं गेलेलं माणूस होतं. सिस्टर रिसीव्हरकडे बघून आपल्या आईला सांगायच्या, औषधाच्या बाटलीत मी काय भरून ठेवत होते ते. चष्मेवाला कोणाशी बोलायचा ते त्याने सांगितलं नाही. खोलीत जिवंत माणसं अर्धा डझनभर, कपाटात बिनडोळ्यांच्या फ्रेमा आणि टेबलावर मी, उघडा. दिवा लावायचीही आठवण राहायची नाही. मी अनेक घरांचं दुःख वाहिलं आहे, पण त्या दिवसांत मला माझीच भीती वाटायची. कारण पलीकडे गवंडी नव्हता, हे मला माहीत होतं. पलीकडे एक ठिबकतं घर होतं आणि तिथे कोणीतरी कोणाला तरी हे सगळं ऐकवत होतं.

एका शुक्रवारी फोन आला नाही. काका दोनदा मला उचलून बघून गेले, माझा सूर चालू होता. बैठक सुरू झाली, पण सगळ्यांचा एक कान माझ्याकडे. सिस्टर बोलत होत्या. जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची. जणू येणारा प्रत्येक पायरी आहे की नाही ते आधी तपासत होता. दार ढकललं गेलं.

चाळिशीचा माणूस. अंगात कामाचा निळा डगला, नखांत ग्रीसची काळी रेघ, चष्मा नाकावर चिकटपट्टी लावून बसवलेला. प्यायलेला नव्हता, आणि त्यामुळेच थरथरत होता. सिस्टर बोलायच्या थांबल्या. तो म्हणाला, "नाही, नाही, तुम्ही बोला," आणि त्याने डोळे मिटून घेतले. सिस्टरने कसंबसं वाक्य पुरं केलं. त्याने डोळे न उघडता त्यांच्याकडे बोट केलं. "तुम्ही औषधाच्या बाटलीवाल्या." काकांनी "बसा" म्हटलं, तर तो म्हणाला, "आणि हे पत्ता सांगणारे." मग त्याने खोलीभर बघितलं, एकेका तोंडाकडे, आणि जे विचारलं ते मी अजून विसरलो नाही.

"तुम्ही सगळे कुठे अडकला आहात?"

 काका उठले, त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, आधी बसा, अडकलेल्यांचीच खोली आहे ही.

मग त्याने सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठे लिफ्ट मधेच बंद पडली तर लोकांना बाहेर काढायचं त्याचं काम. कंपनीने त्यासाठी घरी फोन दिला होता आणि तो उशाशी ठेवायला सांगितलं होतं. पण दिवेलागणीपर्यंत तो पिऊन आडवा झालेला असायचा. आणि बऱ्याच दिवसांपासून त्याला त्या गुंगीत आवाज यायला लागले होते. अनोळखी बायका-पुरुषांचे. ते ओरडत नव्हते, मदत मागत नव्हते. शांतपणे आपापलं सांगत होते, आणि जे सांगत होते ते सगळं त्याचंच होतं. लपवलेल्या बाटल्या, मोडलेले शब्द, सकाळी थरथरणारा हात. जाग आल्यावर घरात कोणी नसायचं. त्याने खाटेखाली बघितलं, माळ्यावर बघितलं, भिंतीला कान लावले. वर कंपनीतून बोलणी बसली, तुमचा फोन संध्याकाळी सारखा एंगेज असतो, एवढं कोणाशी बोलता? ते ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. कारण त्याच्या घरात फोनवर बोलणारं कोणी नव्हतंच.

त्याच्या धंद्यात आवाज एकाच ठिकाणाहून येतात, बंद पडलेल्या लिफ्टमधून. त्याला वाटलं, आपण प्यायलेलो असताना कुठेतरी लिफ्ट पडली, कुठेतरी माणसं खाली राहिली आणि तीच बोलतायत. तो कामावर गेला की प्रत्येक इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरून बॅटरीने शोधायला लागला. दोनच दिवसांपूर्वी एका उंच इमारतीत शेवटच्या मजल्यावर त्याने लिफ्टचं दार उघडलं, लिफ्ट खाली होती, समोर नुसता अंधार. नीट ऐकू यावं म्हणून तो पुढे वाकला.

"खालून बोलावणं आल्यासारखं झालं," तो म्हणाला. "पाय उचललासुद्धा होता. तेवढ्यात पत्ता आठवला. चष्म्याचं दुकान, अरुंद जिना, कठडा. म्हटलं, आधी बघून येऊ. दुकान नसलं तर मी वेडा ठरलो, मग परत येऊन खाली जायचंच आहे. आज बघतो तर दुकान आहे. जिना अरुंद आहे."

ड्रायव्हरकाकांनी कपाळावरचा घाम पुसला. आपलं बोलणं एका माणसाला खड्ड्याच्या काठापर्यंत घेऊन गेलं होतं आणि तिथून परतही, हे त्यांना कळत होतं. फक्त ते त्याच्या कानापर्यंत गेलं कसं, हे खोलीत कोणालाच कळत नव्हतं.

लिफ्टवाला मास्तरांकडे वळला. "तुम्ही एकदा विचारलं होतं, गवंड्या आहेस का म्हणून. मी हं म्हणालो. झोपेत खोटं बोललो. मी गवंडी नाही."

मास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले, "असू दे. उत्तर तर दिलंत."

आणि मी वाजलो.

इतका जोरात मी कधी वाजलो नव्हतो, किंवा तसं वाटलं असेल. काकांनी उचललं. तोच हलका श्वास. पण मला फरक कळला, आज खालचा जड श्वास नव्हता. आणि जो होता तो संथ नव्हता, धावून आल्यासारखा होता. काकांनी पत्ता सांगितला नाही. त्यांनी रिसीव्हर लिफ्टवाल्याच्या हातात दिला.

त्याने कानाला लावला. ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू लहान मुलासारखा झाला.

"हा आमचा नळ आहे," तो म्हणाला. "वॉशर गेलाय. मीच बदलणार होतो."

"घरी कोण असतं?" काकांनी विचारलं.

"बायको. पण तिला ऐकू येत नाही. बोलताही येत नाही. जन्मापासूनच."

चष्मेवाल्याने झटकन वर पाहिलं. त्याला आठवलं. हातवाऱ्याने बोलणारी एक बाई, नाकावर मोडलेला चष्मा घेऊन परत परत आलेली. त्याने डबीत नंबर लिहिला होता, अंगठा ओठाला लावून पिण्याची खूण केली होती, मग फोनची. त्याला वाटलं होतं, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ती फोन करायला सांगेल. दुसरं कोणी नव्हतंच. तिने स्वतः नंबर लावला. घंटा ऐकू येत नाही, उत्तर ऐकू येत नाही. बोटं वाटीवर ठेवून आतून थरथर येते का, एवढंच तिला कळायचं. थरथर आली, म्हणजे कोणीतरी बोलतंय. मग तिने तो रिसीव्हर नवऱ्याच्या कानाला लावला, बैठकभर हाताने धरून ठेवला, प्रत्येक मंगळवारी, प्रत्येक शुक्रवारी. आपण त्याच्या कानात काय ओततोय हे तिला कधीच ऐकू आलं नाही.

सिस्टर म्हणाल्या, बेशुद्ध माणसाच्या कानाशी आम्ही बोलत राहतो, कान सगळ्यात शेवटी झोपतात.  

लिफ्टवाला बोलायला गेला आणि थांबला. काय बोलणार, आणि कोणाला? मग त्याने एक केलं. घरी तो बाहेरून आला की ओट्यावर दोनदा टकटक करायचा, तिला फरशीतून, लाकडातून कळायचं की तो आला. त्याने माझ्या तोंडाच्या वाटीवर नखाने दोनदा टकटक केलं.

पलीकडे फिरणारी बोटं थांबली.

त्याने पुन्हा केलं. आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, त्या टोकाकडून आवाज आला. शब्द नव्हता तो. ज्याने स्वतःचा आवाज कधी ऐकलेला नाही अशा माणसाचा आवाज, वर-खाली न होणारा, सरळ लांब. हसणं होतं की रडणं ते मला सांगता येणार नाही. मी अनेक आवाज वाहिले, हा एकच मला पेलला नाही. तारेत खरखर झाली आणि लाइन तुटली.

सिस्टर त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेल्या. संध्याकाळी खाट रिकामी दिसल्यावर त्या बाईला वाटलं होतं, हा आता काही परत येत नाही. सांगणार कोणाला? जगात तिच्या ओळखीची एवढीच माणसं होती, जी तिने कधी पाहिली नव्हती आणि ऐकली नव्हती. म्हणून तिने नंबर फिरवला होता.

पुढे सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. लिफ्टवाला सुटला, मग घसरला. उंचावरची कामं कंपनीने काढून घेतली. एका मंगळवारी तर त्याची बायको त्याला मनगटाला धरून जिन्याने वर घेऊन आली, वासासकट, आणि खुर्चीत बसवून स्वतः शेजारी बसली. त्यानंतर ती येतच राहिली. बाकीचे बोलायचे ते तो तिला हातांनी सांगायचा. स्वतःची पाळी आली की तोंड आणि हात दोन्ही चालायचे, आणि तोंड कधी अडखळलं तरी हात खरं सांगून मोकळे व्हायचे. मास्तरही चार खुणा शिकले. "हळू घ्या, पुढे वळण आहे" ही खूण कशी करायची यावर एकदा बराच वाद झाला.

काका गेले. शांतपणे गेले, न पिता गेले. त्यांच्या खुर्चीत लिफ्टवाला बसू लागला आणि मी वाजलो की तोच उचलू लागला. नळ दुरुस्त झाला असावा. मी तो पुन्हा ऐकला नाही.

मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला. खोलीचा नंबर बंद झाला, लाइनमन येऊन तार कापून गेला. चष्मेवाल्याने मला टाकलं नाही. मी आता खिडकीत असतो, कपाटाशेजारी, त्या फ्रेमांच्या रांगेत शेवटचा. धूळ बसते, कोणीतरी पुसतं.

एक गोष्ट मात्र मी आजवर सांगितली नव्हती. तार कापल्यावर मला वाटलं होतं, आता सामसूम होईल. झाली नाही. दिवेलागणीला माझ्यात काहीतरी येतं. आधी वाटलं, खिडकीतला वारा. पण वारा थांबून थांबून येत नाही. वारा श्वास रोखून ऐकत नाही.

परवा एक नवीन बाई आली. केस कापायचं दुकान चालवणारी, हात इतके थरथरतात की तिने कात्री हातात धरणं सोडलं आहे. तिची पाळी आली. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. इतक्या डोळ्यांसमोर जमेना. तेव्हा लिफ्टवाला उठला. त्याने तिची खुर्ची भिंतीकडे वळवली, मला खिडकीतून आणून तिच्या मांडीवर ठेवलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. माझी कापलेली शेपटी तिच्या पायाशी लोंबत होती. तिने ती पाहिली. तरी रिसीव्हर उचलला, कानाला लावला आणि म्हणाली, "हॅलो."

मग ती बोलली. भिंतीकडे तोंड करून, सगळ्यांकडे पाठ करून, मेलेल्या फोनमध्ये. बराच वेळ बोलली. मधेच एकदा थांबली, डोकं थोडं कलतं केलं आणि म्हणाली, "हो. सांगते." आणि पुढे सांगायला लागली.

खोलीतल्यांना वाटलं, बाईने आपली सोय करून घेतली. मी त्यांना काय सांगणार? पलीकडे कोणीतरी होतं. कोण, ते मला माहीत नाही. मी विचारत नाही, पोचवतो.

तुम्हाला मात्र एवढं सांगायचं आहे. कधीतरी तुमचा फोन वाजेल, तुम्ही उचलाल आणि पलीकडे नुसता श्वास असेल. चिडू नका. राँग नंबर म्हणू नका. तुमच्या घरात जे काही बोलणं चाललं असेल ते चालू द्या आणि फोन टेबलावर ठेवा, तोंड माणसांकडे करून. तो कोणी कोणाच्या कानाला लावून धरला आहे, ते तुम्हाला कळणार नाही. आणि घाई करू नका. तिथून इथवर यायला माणसाला वेळ लागतो.